घरगुती टेस्ला कॉइलसाठी कोणता व्हॉल्व्ह?

निकोला टेस्लाने १८९१ मध्ये जी कॉइल जगापुढे मांडली तिच्यात व्हॉल्व्ह नव्हता आणि असणे शक्यही नव्हते. फ्लेमिंगचा डायोड १९०४ चा, डी फॉरेस्टचा ऑडिऑन १९०६ चा. व्हॉल्व्हच्या आउटपुटमधला थोडा भाग परत त्याच्याच ग्रिडला देऊन अखंड दोलने मिळवता येतात, हे आर्मस्ट्राँग आणि माइसनर यांनी १९१२-१३ च्या सुमारास दाखवले. टेस्लाच्या मूळ कॉइलमध्ये दोलने उठवण्याचे काम स्पार्क गॅप करत असे, म्हणजे कपॅसिटर भरायचा आणि हवेतल्या फटीतून एका फटक्यात प्रायमरीत रिकामा करायचा. व्हॉल्व्हची कॉइल या घराण्यातली असली तरी तिची जात वेगळी आहे. ती खरे तर एक रेडिओ ट्रान्समिटर आहे. फरक इतकाच की ट्रान्समिटरमध्ये ठिणगी टाळायची असते आणि इथे ती मुद्दाम काढायची असते. व्हॉल्व्ह निवडताना हे लक्षात ठेवले नाही की गोंधळ सुरू होतो. बहुतेक जण डेटाशीट उघडून प्लेट व्होल्टेज किती आणि प्लेट डिसिपेशन किती एवढे दोन आकडे बघतात, आणि ज्याचे आकडे मोठे तो व्हॉल्व्ह चांगला असे ठरवतात. माझ्या मते ही निवड उलट्या टोकाकडून होते. आधी फिलामेंट बघावी, मग दोलने अचानक थांबली तर व्हॉल्व्ह काय करेल ते बघावे. वॅट आणि व्होल्ट त्यानंतर.

कारण समजण्यासाठी सर्किटकडे क्षणभर पाहू. नेहमीच्या मांडणीत प्रायमरीची वीस-तीस वेढ्यांची गुंडाळी आणि तिला समांतर कपॅसिटर मिळून प्लेटचे टँक सर्किट होते. पीव्हीसी पाइपवर बारीक एनॅमल तारेचे हजारेक वेढे घातलेली सेकंडरी या गुंडाळीच्या मधोमध उभी असते. शेजारी दहा-वीस वेढ्यांची फीडबॅक कॉइल ग्रिडला सिग्नल देते आणि ग्रिडलीक रेझिस्टर व कपॅसिटर मिळून ग्रिडवर ऋण बायस तयार करतात. हा बायस बाहेरून दिलेला नसतो. दोलने चालू असतील तरच तो असतो. वीजपुरवठा बहुधा मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरचा, साधारण २,००० व्होल्ट एसी, तोही डीसी न करता थेट. मेनच्या ज्या अर्ध्या फेऱ्यात प्लेट धन असते तेवढ्यातच व्हॉल्व्ह काम करतो, म्हणून सेकंदाला पन्नास वेळा ठिणगी उगवते, वाढते आणि विझते. व्हॉल्व्ह कॉइलची ठिणगी स्पार्क गॅपसारखी फांद्यांची न होता सरळ, तलवारीच्या पात्यासारखी निघते, त्यामागे हा सावकाश चढणारा अर्धा फेरा आहे.

आता प्लेट व्होल्टेजचा आकडा घेऊ. ८११-ए या छोट्या ट्रायोडच्या डेटाशीटमध्ये हौशी वापरासाठी कमाल १,५०० व्होल्ट लिहिलेले आहे. ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरचे शिखर २,८०० व्होल्टच्या आसपास जाते. म्हणजे हा व्हॉल्व्ह बाद, असे कोणीही म्हणेल. पण त्याच डेटाशीटमध्ये प्लेट मॉड्युलेशनच्या वापरासाठी १,२५० व्होल्ट दिलेले आहेत. पूर्ण मॉड्युलेशनला पुरवठ्याचे व्होल्टेज क्षणभर दुप्पट, म्हणजे २,५०० व्होल्ट होते, आणि त्यावर टँकमधला रेडिओ फ्रिक्वेन्सीचा झोका आला की प्लेटवर क्षणिक ५,००० व्होल्टपर्यंत ताण पडतो. कारखान्याने हा ताण गृहीत धरूनच तो व्हॉल्व्ह बनवला होता. २,८०० व्होल्टचे शिखर आणि त्यावरचा झोका मिळून साधारण तेवढाच ताण येतो. म्हणून ८११-ए या ट्रान्सफॉर्मरवर वर्षानुवर्षे टिकतो, यात चमत्कार काही नाही. डेटाशीटमधला व्होल्टेजचा आकडा एका विशिष्ट वापरासाठीचा असतो, तो काचेची किंवा इन्सुलेशनची शेवटची सीमा नव्हे.

डिसिपेशनचेही असेच आहे. ८११-एची मर्यादा हौशी वापरात ६५ वॅट. त्याची फिलामेंट ६.३ व्होल्ट, ४ अँपिअरची, म्हणजे २५ वॅटची आहे. थोरिएटेड टंगस्टनची फिलामेंट आपल्या प्रत्येक वॅटमागे ढोबळमानाने ५० ते १०० मिलिअँपिअर इलेक्ट्रॉन प्रवाह देऊ शकते, तेव्हा या व्हॉल्व्हकडून २ अँपिअरचे शिखर धरायला हरकत नाही. दोन व्हॉल्व्ह समांतर जोडले तर ४ अँपिअर. क्लास सी पद्धतीत प्रवाह फक्त तुकड्यातुकड्याने वाहतो, म्हणून सरासरी शिखराच्या पावपट, म्हणजे १ अँपिअर. पुरवठ्याच्या शिखराला २,८०० वॅट झाले. व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही साइन वक्राने चढतात-उतरतात आणि अर्धा वेळ व्हॉल्व्ह गप्प असतो, हे धरले की त्याचा चतुर्थांश, ७०० वॅट, ही सरासरी उरते. कार्यक्षमता ७० टक्के मानली तर २१० वॅट प्लेटवर उष्णता होऊन बसणार, आणि जोडीची मर्यादा आहे १३०. सतत चालवली तर प्लेट लाल होईल हे खरे. पण कॉइल सतत चालवायची कोणाला असते? कॅथोडच्या वाटेत एससीआर घालून पन्नासपैकी दहाच फेरे जाऊ दिले, ज्याला स्टॅकाटो म्हणतात, तर प्लेटवरची सरासरी ४२ वॅटवर येते. प्रत्येक फेऱ्यातली ठिणगी मात्र तितकीच लांब राहते. या हिशेबातून माझा पहिला निष्कर्ष निघतो. प्लेट डिसिपेशन कॉइल किती वेळ चालेल ते ठरवते, ठिणगी किती लांब निघेल ते फिलामेंट ठरवते. वेळ कमी करणे आपल्या हातात असते. फिलामेंटमधून नसलेले इलेक्ट्रॉन काढणे कोणाच्याच हातात नसते.

म्हणून व्हॉल्व्हची यादी फिलामेंटच्या वॅटनी लावून पाहावी. ८११-ए आणि त्याचा दणकट भाऊ ५७२-बी, दोघेही २५ वॅट. ३-५०० झेड ५ व्होल्ट आणि साडेचौदा अँपिअरच्या घरात, म्हणजे सुमारे ७३ वॅट. ८३३-ए १० व्होल्ट, १० अँपिअर, बरोबर १०० वॅट. सोव्हिएत बनावटीचा जीयू-८१एम १२.६ व्होल्टवर दहा-साडेदहा अँपिअर घेतो, १३० वॅटच्या आसपास. ३०४-टीएल एकाच काचेत चार ट्रायोड बसवलेला, तो १२५ वॅट. ही उतरंड आणि प्रत्यक्षात मिळणाऱ्या ठिणग्यांची उतरंड बरीच जुळते. ५७२-बीचे डिसिपेशन १६० वॅट, ८११-एच्या अडीचपट, पण फिलामेंट तितकीच. म्हणून ८११-ए काढून ५७२-बी लावला तर ठिणगी फारशी लांबत नाही, कॉइल फक्त जास्त वेळ चालते. त्यासाठी दिलेले जास्तीचे पैसे वाया गेले असे नाही, पण ते कशासाठी दिले हे माहीत असावे. आणखी एक सत्य इथेच सांगायला हवे. अनुभवाचा नियम असा की ठिणगीची लांबी साधारण शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. शक्ती चौपट केली तर लांबी दुप्पट. २५ वॅटच्या फिलामेंटवरून १०० वॅटच्या फिलामेंटवर जाण्याचा खर्च अनेक पटींनी वाढतो आणि हाती येते ती दुप्पट ठिणगी.

फिलामेंट हा निकष एवढा चांगला आहे तर सरळ ३०४-टीएल का घेऊ नये? इथे दुसरा मुद्दा येतो, ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ठिणगी निघाली की सेकंडरीची कपॅसिटन्स वाढते, तिची फ्रिक्वेन्सी खाली सरकते. प्रायमरी आधीच थोडी खालच्या सुरात ठेवली नसेल तर दोलने दुबळी होतात. फीडबॅक कॉइलचे एखादे टोक सुटते, ती उलटी जोडली जाते, कपॅसिटर बसतो. घरी बांधलेल्या कॉइलमध्ये हे होतेच. त्या क्षणी ग्रिडवरचा ऋण बायस नाहीसा होतो आणि प्लेटवर पूर्ण व्होल्टेज तसेच राहते. आता व्हॉल्व्ह किती प्रवाह ओढेल ते त्याच्या ॲम्प्लिफिकेशन फॅक्टरवर, म्हणजे प्रवाहावर ग्रिडचा ताबा प्लेटच्या किती पट आहे त्यावर, अवलंबून असते. ८११-एचा हा फॅक्टर १६० आहे. शून्य बायसवर चालावा म्हणूनच त्याची रचना केली आहे. १,२५० व्होल्टला आणि शून्य बायसला दोन व्हॉल्व्ह मिळून पन्नासेक मिलिअँपिअर घेतात. तोच व्हॉल्व्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरवर, दोलने बंद पडलेल्या अवस्थेत, थ्री-हाफ्स नियमाने (प्रवाह व्होल्टेजच्या दीडाव्या घाताने वाढतो) मोजला तर प्लेटवर सरासरी पंचावन्नेक वॅट होतात. मर्यादा ६५. म्हणजे सगळे चुकले तरी तो मर्यादेच्या आत आहे. ८३३-एचा फॅक्टर ३५. ३,००० व्होल्टला त्याला शांत ठेवण्यासाठी ग्रिडवर उणे ७० व्होल्ट द्यावे लागतात. ते काढून घेतले तर ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरवर तो साडेतीनशे वॅटच्या पुढे जातो, आणि पंख्याशिवाय त्याची मर्यादा ३०० आहे. तो लगेच मरणार नाही, पण हात स्विचवर हवा. ३०४-टीएलचा फॅक्टर केवळ १२. बायस गेला की त्याला अडवणारे सर्किटमध्ये काहीही उरत नाही. ही भरपूर इलेक्ट्रॉन देणारी फिलामेंट अशा वेळी गुण न राहता संकट होते. जीएम-७० सारखे ऑडिओसाठी बनवलेले कमी फॅक्टरचे ट्रायोडही यामुळेच मागे पडतात.

जीयू-८१एम या कसोटीवर फार चांगला उतरतो, आणि त्याची कीर्ती केवळ आकारामुळे नाही असे मला वाटते. तो मुळात पेंटोड आहे, लष्करी शॉर्टवेव्ह ट्रान्समिटरसाठी बनवलेला, डिसिपेशन ४५० वॅट. त्याची तिन्ही ग्रिड एकत्र बांधली की तो मोठ्या फॅक्टरचा ट्रायोड होतो आणि शून्य बायसला सौम्य वागतो. शिवाय नुसत्या हवेवर थंड होतो. अडचण सॉकेटची आणि वजनदार काच लांबून सुखरूप येण्याची. ३-५०० झेडही मोठ्या फॅक्टरचा आहे, पण त्याच्या पिनांच्या काचेच्या सीलवर सतत वारा लागतो. फिलामेंट नुसती पेटवली असली तरी पंखा चालू हवा, आणि कॉइल बंद केल्यावरही थोडा वेळ. त्याची प्लेट काम करताना मंद तांबूस दिसते. ते बिघाडाचे लक्षण नसून त्या तापमानालाच प्लेट आतला उरलासुरला वायू शोषून घेते. उलट ग्रॅफाइटची प्लेट असलेला ५७२-बी तापला तरी सहज रंग दाखवत नाही, त्यामुळे डोळ्यांवर विसंबता येत नाही. ८३३-एला सॉकेट लागत नाही, त्याच्या जाड दांड्यांना पितळी पकड करून देता येते, आणि घरी काम करणाऱ्याला ही मोठी सोय आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. जुन्या टीव्हीतले लाइन आउटपुट व्हॉल्व्ह, पीएल-५०९ किंवा पीएल-५१९, स्वस्त असतात, क्षणिक ७,००० व्होल्ट सोसतात आणि भरपूर प्रवाह देतात; मग ट्रान्समिटिंग व्हॉल्व्हमागे का लागायचे? आक्षेप निराधार नाही. ऑक्साइडचा कॅथोड थोड्या उष्णतेत खूप इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे वर मांडलेला वॅटचा हिशेब त्याला लागू होत नाही. पण तो कॅथोड नाजूक असतो. व्हॉल्व्हमध्ये उरलेल्या वायूचे आयन मोठ्या व्होल्टेजखाली मागे येऊन त्याच्यावर आदळतात आणि लेप खरवडून काढतात. टीव्हीमध्ये ते ७,००० व्होल्ट प्लेटवर येतात तेव्हा व्हॉल्व्ह बंद असतो. आपल्या कॉइलमध्ये व्होल्टेज असतानाच तो प्रवाहही देत असतो. हजारेक व्होल्टपर्यंत, बोटभर ठिणगीच्या शिकाऊ कॉइलसाठी हे व्हॉल्व्ह किंवा जुना ८०७ जरूर वापरावा. दोन हजारांच्या पुढे त्यांच्याकडून टिकाऊपणाची अपेक्षा करू नये. जीआय-७बी सारख्या सिरॅमिक व्हॉल्व्हबद्दलही माझे हेच म्हणणे आहे. हातात मावणारा व्हॉल्व्ह ३५० वॅट सोसतो हे वाचून मोह होतो, पण ते जोरदार वाऱ्याखालचे ३५० वॅट आहेत, कॅथोड ऑक्साइडचा आहे, ग्रिडची सहनशक्ती बेताची आहे आणि स्वतः दोलने करणाऱ्या सर्किटमध्ये ग्रिडवरच सर्वाधिक अत्याचार होतो. शिवाय आत काय चालले आहे ते दिसत नाही. काचेतून प्लेटचा रंग दिसणे हे नवख्याला मिळणारे सर्वांत विश्वासू मीटर आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे: आजच्या काळात व्हॉल्व्ह हवाच कशाला, आयजीबीटी किंवा मॉसफेट वापरा. रुपयामागे किती ठिणगी, असा प्रश्न असेल तर सेमिकंडक्टरच जिंकतो. तिथे १०० वॅट नुसते फिलामेंट तापवण्यात जात नाहीत. पण मॉसफेटची मर्यादा ओलांडली गेली तर तो मायक्रोसेकंदांत जातो आणि काय चुकले ते कळायच्या आत पुरावाही संपतो. व्हॉल्व्हची प्लेट लाल व्हायला काही सेकंद लागतात. ट्यूनिंग, कपलिंग, फीडबॅक यांचा खेळ हाताने बदलून समजून घ्यायचा असेल तर हे सेकंद अमोल आहेत. शिकण्यासाठी व्हॉल्व्ह, हेच माझे उत्तर आहे. आणि म्हणूनच निवडही चुका सोसणाऱ्या व्हॉल्व्हची हवी.

पुरवठ्याचा विचार व्हॉल्व्हपासून वेगळा करता येत नाही. ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरला कपॅसिटर आणि डायोड लावून शिखर साडेपाच हजार व्होल्टच्या वर नेण्याची पद्धत लोकप्रिय आहे. तिने ठिणगी नक्की लांबते, पण वर मांडलेला शून्य बायसचा हिशेब कोसळतो. व्होल्टेज दुप्पट झाले की निकामी अवस्थेतली प्लेटची उष्णता साडेपाच पटींहून जास्त वाढते, आणि मग ८११-एही वाचत नाही. ही जोडणी करायची तर प्लेटच्या वाटेत प्रवाह वाढताच पुरवठा तोडणारा रिले हवा. फिलामेंटसाठी दुसऱ्या एका ओव्हन ट्रान्सफॉर्मरची उच्चदाबाची गुंडाळी काढून त्यावर जाड तारेचे वेढे घालता येतात. त्यात एका वेढ्यामागे साधारण एक व्होल्ट मिळतो, म्हणजे ८३३-एला दहा-अकरा वेढे पुरतात. व्होल्टेज व्हॉल्व्हच्या पिनांवर, फिलामेंट पेटलेली असताना मोजावे आणि सांगितलेल्या आकड्याच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावे. कमी ठेवले तर फिलामेंट जास्त जगेल हा समज थोरिएटेड टंगस्टनच्या बाबतीत चुकीचा आहे. तापमान पुरेसे नसले की पृष्ठभागावरचा थोरियमचा थर भरून निघत नाही आणि उत्सर्जन खालावते. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्याच्या सुमारे दहावा हिस्सा असतो, तेव्हा मोठ्या व्हॉल्व्हला सुरुवातीचा झटका कमी करणारा रेझिस्टर द्यावा.

धोक्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण व्हॉल्व्हची कॉइल सौम्य आणि म्हणून सुरक्षित असा एक समज पसरलेला आहे. तिची ठिणगी हाताला झटका देत नाही, कारण एवढ्या फ्रिक्वेन्सीला मज्जातंतू प्रतिसाद देत नाहीत. मांस मात्र भाजते. खरा मृत्यू खाली, प्रायमरीत असतो. ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर २,००० व्होल्टला अर्धा अँपिअर सहज देतो आणि त्याचा एक स्पर्श पुरेसा असतो. घरातला आरसीसीबी इथे वाचवत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला काय झाले ते त्याला कळत नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो, तो इन्सुलेटेड दांडीने शॉर्ट केल्याशिवाय सर्किटजवळ हात नेऊ नये. कॉइलचे प्रक्षेपण हाही खरा प्रश्न आहे. या कॉइल २०० ते ६०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. आकाशवाणीची मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर, नागपूर ५८५ वर, पुणे ७९२ वर. हार्मोनिक त्यापुढेही जातात. परवान्याशिवाय प्रक्षेपण कायद्याला मान्य नाही, म्हणून जमिनीला जोडलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात आणि थोडक्या वेळासाठीच कॉइल चालवावी.

मिळण्याचे म्हणाल तर व्हॉल्व्ह हा मेलेला धंदा नाही. ८११-ए आणि ५७२-बी हौशी रेडिओवाल्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये लागतात, म्हणून चीनमध्ये त्यांचे उत्पादन इतरांच्या मानाने फार उशिरापर्यंत चालू राहिले. प्लास्टिकच्या फाइली आणि रेनकोट जोडणारी हाय-फ्रिक्वेन्सी वेल्डिंग यंत्रे पॉवर ट्रायोडवर चालत आली आहेत, आणि अशा यंत्रांच्या दुरुस्तीवाल्याकडे उतरवलेला पण जिवंत व्हॉल्व्ह मिळू शकतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखादा सुटा व्हॉल्व्ह दिसला तर आधी फिलामेंटची सलगता आणि काचेवरचा गेटरचा, म्हणजे वायू शोषणाऱ्या लेपाचा, डाग बघावा. आरशासारखा डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, फुकटही घेऊ नये. वर्षानुवर्षे पडून असलेला व्हॉल्व्ह घरी आणल्यावर प्लेटला व्होल्टेज न देता एक दिवस फिलामेंटवर चालवावा. काच फोडून बघण्याची हौस टाळावी, थोरियम किरणोत्सारी आहे.

पहिल्याच कॉइलसाठी माझा कौल ८११-एच्या जोडीला आहे, ओव्हनच्या एका ट्रान्सफॉर्मरवर, दुप्पट न करता, स्टॅकाटोसह. बजेट असेल तर ५७२-बी. ती कॉइल नीट सुरात आली आणि तरी मोठी ठिणगी हवी असली तर जीयू-८१एम. ८३३-ए घ्यायचा तर पंखा आणि ओव्हरकरंट रिले यांचे पैसे आधी बाजूला काढून ठेवावेत, आणि ते निघत नसतील तर तो सध्या घेऊ नये.